सुशीलाआक्का आणि पन्नासावं स्तोत्र

कॅसलरॉकला स्टेशनामागच्या चढावर कौलारू छपराचं एक छोटं चर्च आहे. रेल्वेत नोकरीला आलेल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी फार पूर्वी बांधलेलं. आता त्यांची दहा-बारा घरं उरली आहेत, आणि त्या दहा-बारा घरांवर सुशीलाआक्काचा वचक होता.

पाळक बेळगावकडून एक रविवार आड यायचे. मधल्या रविवारी उपासना सुशीलाआक्काच चालवायची. अंगणवाडीत जन्म गेलेला, त्यामुळं आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलकी घेणारा माणूस दचकून ताठ व्हायचा. तिनं लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं, आई गेल्यावर चर्चचं.

बायबलच्या जुन्या करारातली न ऐकणारी माणसं तिच्या फार आवडीची. देवानं शंभरदा सांगावं आणि त्यांनी मान ताठ ठेवावी. देवानं शिक्षा करावी आणि त्यांनी आणखी बिथरावं. वाळवंटात खायला मिळालं तरी कुरकुरावं. खरं बोलणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत सोडून द्यावं. हे सगळं ती असं सांगायची, की जणू ती माणसं खालच्या रेल्वे क्वार्टरांत राहत होती आणि त्यांची घरं तिला ठाऊक होती. आणि सांगून झालं की थोडं थांबून म्हणायची, "लांब कशाला जायला पाहिजे? आमच्या घरातच बघा."

घरातला म्हणजे तिचा धाकटा भाऊ गोपाळ. वडील रामचंद्र रेल्वेत गँगचे मेट होते. घाटातल्या रुळांवर दिवसभर माणसं राबवायची आणि संध्याकाळी पोरांकडून स्तोत्रं पाठ करून घ्यायची. शब्द चुकला की वेताची छडी. सुशीला चुकायची नाही. गोपाळ चुकायचा, आणि मार खाताना रडायचा पण नाही, त्यानं वडील जास्त चिडायचे. मिसरूड फुटल्यावर तो घर सोडून कुळगीकडं जंगलखात्याच्या कामाला लागला, तिथल्याच एका वाडीतल्या कुणब्याच्या मुलीशी, बायजाशी, लग्न केलं आणि चर्चची पायरी परत चढला नाही. पण लोकांना सुशीलाआक्का जी गोष्ट सांगायची ती यापुढची होती. आई मरणाला टेकली, तिनं गोपाळचं नाव घेतलं, निरोप धाडला, आणि हा आला नाही. "बोलावणं आलं तरी पाठ फिरवली!" असं ती म्हणाली की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. सात-आठ वर्षं ती हे सांगत होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी नवे पाळक आले. प्रज्योत त्यांचं नाव. वयानं तरुण, बोलणं हळू. त्यांनी बायबलातली स्तोत्रं ओळीनं वाचायची पद्धत पाडली, दर रविवारी एक. वाचणार अर्थातच सुशीलाआक्का.

पन्नासाव्या स्तोत्राला ती उत्साहानं उभी राहिली. देव न्यायाला बसतो, आकाशाला आणि धरणीला साक्षीला बोलावतो, असली सुरुवात तिच्या आवाजाला शोभणारी. मग देव दुष्टाला विचारतो की माझे नियम तोंडानं म्हणायचा तुला काय अधिकार, तुला तर शिस्तीचा तिटकारा, माझे शब्द तू पाठीमागं फेकून देतोस. हेही तिनं खणखणीत वाचलं, एकदा चष्म्यावरून बाकांकडं बघून. आणि पुढच्या ओळीवर नजर गेली. तिथं लिहिलं होतं की तू बसून आपल्या भावाविरुद्ध बोलतोस, आपल्या आईच्या लेकराची निंदा करतोस.

ती ओळ तिला लहानपणापासून पाठ होती. पण त्या दिवशी ती तिच्या तोंडून निघेना. तिनं पान सावरल्यासारखं केलं, मधल्या ओळी सोडल्या, एकदम शेवटाला गेली आणि खाली बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

उपासना संपल्यावर पाळक चपला घालता घालता म्हणाले, "सुशीलाताई, मधली थोडी वचनं राहिली."

"चष्मा बदलायला झालाय."

"असू दे. पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा तेच परत घेऊ."

झालं. सुशीलाआक्काचं डोकं फिरलं. ह्यानं मुद्दाम केलं. ह्याला कुणीतरी काहीतरी सांगितलंय. पण सांगणार कोण? जे सांगण्यासारखं होतं ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण निरोप तिनं धाडलाच नव्हता.

आईनं दोनदा म्हटलं होतं, गोपाळला बोलीव. त्या वाडीवर फोन लागत नसे, माणूसच पाठवावा लागला असता. उद्या पाठवू, असं ती म्हणाली. मनात होतं, की तो आला तर एकटा येणार नाही, ती बायजा पण येईल, उशाशी बसेल, आई विरघळेल, आणि इतकी वर्षं मी केलं त्याच्यावर पाणी. उद्याचं परवा झालं आणि आई गेली. मूठमाती देताना कुणीतरी विचारलं, "गोपाळ कुठाय?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "निरोप धाडला होता. न्हाई आला." ठरवून बोलली नव्हती. पण एकदा बोलल्यावर ते खरं करत राहावं लागलं. रामनगरच्या बाजारात आईचं कळून गोपाळ धावत आला, तेव्हा त्यालाही तिनं तेच सांगितलं. वाडीवर निरोप पोचला होता, म्हणाली. तो त्या दिवसांत वाडीवर नव्हता, आत जंगलात कामावर होता. आल्या पावली निघून गेला.

पाळक बोलून गेल्यापासून सुशीलाआक्काला घरात बसवेना. पितळेची भांडी घासून झाली, परत घासली. पडदे काढले, धुतले, ओलेच लावले. शेजारच्या मयूरीनं साधं विचारलं, "आक्का, बरं न्हाई का?" तर तिच्यावरच खेकसली. मालगाडी घाट चढताना मागचं इंजिन घरघरतं, त्या आवाजाची तिला जन्माची सवय. तोही आता कानात घुसायला लागला. शेवटी तिनं पाळकांना फोन लावला.

"मी वाचणार न्हाई. आन् येणार बी न्हाई."

"का हो? मी काही बोललो का?"

"बोलायचं काय बाकी ठेवलंत? अंगणवाडीत मी तुमच्यासारखी पोरं बोट धरून चालवली. मला शिकवू नका."

मग ते म्हणाले, "ताई, ते स्तोत्र मी नाही लिहिलं."

तिनं फोन आपटला.

पाळक यायच्या रविवारी ती चर्चला गेली नाही. ठेवणीतलं लुगडं मात्र नेसली, आणि रामनगरची बस धरली. तिथून दुसरी बस गणेशगुडीची. गोपाळ आता तिथं नदीकाठच्या एका कँपात रबरी बोटी दुरुस्त करायचं काम करतो, एवढं तिला ठाऊक होतं. मनाशी तिनं पक्कं केलं होतं की त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. तू देवाला सोडलंस की नाही? घराला पाठ केलीस की नाही? एकदा तो हो म्हणाला की त्या ओळीचा आणि आपला संबंध नाही. वळणावळणाच्या रस्त्यानं बस जात होती, आणि ती ओठ हलवत तीच वाक्यं घोकत होती. शेजारची बाई सरकून बसली.

गोपाळचं घर कँपाच्या मागं होतं. तो अंगणात उलट्या घातलेल्या बोटीला ठिगळ चिकटवत होता. केस पांढरे झालेले. तिला बघून तो उभा राहिला, हातातला ब्रश तसाच.

"आक्का? काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं. मीच आले."

तो आत बघून म्हणाला, "बायजा, आक्का आलीया." आत चुलीवर मुडलीचे कंद उकडत होते, त्यांचा मातकट वास दारापर्यंत आला होता. बायजा बाहेर आली. तिनं पाण्याचा तांब्या दिला, पण या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. सुशीलाआक्का आपणहून कट्ट्यावर बसली आणि लगेच विषयाला हात घातला.

"गोप्या, तू चर्च सोडलंस, व्हय का न्हाई?"

"व्हय."

"देवाला सोडलंस."

गोपाळ जरा हसला. "ते देवाला इचार. मी बाबांच्या छडीला सोडलं. आजून स्तोत्रं येतात मला. बोट घेऊन पाण्यात जाताना म्हणतो कधी कधी."

हे उत्तर तिनं घोकलेल्यात नव्हतं. ती चुळबुळली. "मग आईच्या टायमाला..." एवढं म्हणाली आणि अडली.

तेवढ्यात बायजा पुढं आली. उकडलेल्या कंदाची सालं काढता काढता आली होती, बोटं चिकट होती.

"वन्सं, बरं झालं आलात. हेंच्यासमोर मला एक सांगा. तवा निरोप घेऊन आमच्या वाडीवर कोण आल्तं?"

सुशीलाआक्कानं तांब्या खाली ठेवला.

"बाप्या का बाई? म्हातारा का तरणा? मी घरात एकटी हुते. रोज दारातच बसलेली. कोण आलं न्हाई. हेंनी मला मारलं न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. पन एवढी वर्सं हेंच्या मनात हाय, की मीच निरोप गिळला. तुमी मला उशाला बसू दिलं नसतं, म्हणून मी हेंला कळूच दिलं न्हाई, असं हेंला वाटतंय. भांडण झालं की हे गप बसतात. त्या गप बसण्यात तेच असतंय."

गोपाळ म्हणाला, "बायजा, ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? वन्सं, सांगा."

सुशीलाआक्कानं आजवर एवढाच विचार केला होता की आपण एक शब्द भावाविरुद्ध बोललो. तो शब्द असा दुसऱ्याच्या घरात जाऊन, एका बाईच्या ताटात आणि अंथरुणात इतकी वर्षं पडून आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आताही खोटं जिभेवर तयार होतं. एक पोरगा बांबूच्या लॉरीवरनं आला होता, असं म्हटलं असतं तर कोण पडताळणार होतं? तिनं तोंड उघडलंही.

"कोन बी न्हाई," ती म्हणाली. "मी धाडलाच न्हाई."

बोटीवरचा डिंक वाळत होता. गोपाळनं ब्रश खाली ठेवला. तो बहिणीकडं बघत नव्हता, बायजाकडं बघत होता. मग वळला आणि नदीकडं चालता झाला, झपाझप, मागं न बघता. पर्यटकांच्या एका घोळक्यानं त्याला हाक मारली तरी थांबला नाही.

सुशीलाआक्काला वाटलं, बायजा आता रडेल, किंवा मिठी मारेल, किंवा शिव्या तरी देईल.

बायजा म्हणाली, "सगळी म्हणतील, जेवल्याबिगर जाऊ नका. मी न्हाई म्हणत. तुमची बस हाय आता, फाट्यावर थांबती."

पिशवी उचलून सुशीलाआक्का चालायला लागली. खरं बोललं की हलकं वाटतं, हे तिनं शेकडो वेळा चर्चमध्ये सांगितलं होतं. तिला हलकं बिलकं काही वाटलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली, मग उठून दाराशी बसली, मग दांडा धरून उभीच राहिली. कंडक्टर म्हणाला, "अज्जी, कुळितकोळ्ळी, बसा, जागा आहे की." ती म्हणाली, "बेडा, नको. उभीच बरी हाय."

पुढच्या रविवारी पाळक यायचे नव्हते. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच ती समोर जाऊन उभी राहिली. गळ्यात नेहमीचा आवाज आला नाही. "आमच्या गोपाळला मी निरोप धाडला न्हवता," ती म्हणाली. "तुमाला खोटं सांगितलं." पहिल्या बाकावरच्या नागूआज्याला कमी ऐकू येतं. त्यानं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाली?" शेजारीण मान खाली घालून बसलेली. मग सुशीलाआक्कालाच ते परत सांगावं लागलं, जास्त मोठ्यानं, अंगणवाडीच्या आवाजात. दोन बायका उठून गेल्या. राहिलेल्यांनी गाणं म्हटलं, पण सूर कुणाचाच लागला नाही.

पाळकांना कळलं तेव्हा ते घरी आले. पन्नासाव्या स्तोत्राचं नावही त्यांनी काढलं नाही. पुढं वाचाल का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. तोंड लई झालं माझं. आता कानानं बघते."

उन्हाळ्यात गोपाळ आला. बहिणीकडं नाही, कबरस्तानात. आईच्या कबरीवरचं रान काढलं, दगड नीट बसवला. बायजा बरोबर होती. सुशीलाआक्का फाटकाशी जाऊन उभी राहिली. बरंच काही बोलायचं योजलं होतं, पण तो जवळून गेला तेव्हा "चा घेतोस?" एवढंच निघालं.

"आज नको," तो म्हणाला.

त्या "आज"वर ती आठवडाभर विचार करत होती. कधी वाटे, यात पुढचं काही आहे. कधी वाटे, माणसं सवयीनं तसं म्हणतात.

आता रविवारी मयूरी वाचते. अडखळते, जोडाक्षराला थबकते, स्तोत्रानंतरच्या जुन्या करारातल्या पाठात राजांची नावं निम्मी गिळते. सुशीलाआक्का शेवटच्या बाकावर बसते. मयूरी चुकली की ती पदराचा काठ बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. गेल्या रविवारी तिच्याच्यानं राहवलं नाही, मागनं ओरडलीच, "हिज्कीया! हिस्कीया न्हवं!"

मयूरी मागं वळून म्हणाली, "आक्का, जरा गप बसा की."

चर्चमधल्या सगळ्या माना मागं वळल्या. सुशीलाआक्काचे कान तापले, तोंडात उत्तर आलं, चांगलं झणझणीत उत्तर. तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"वाच," ती म्हणाली. "वाच पुढं."