वीरमगामच्या पुढचा रस्ता

भावोजींच्या जीपचा स्टार्टर कित्येक वर्षं धड नव्हता. त्यामुळे एकदा सुरू झालेली गाडी ते सहसा बंद करत नसत. कुणाच्या दारात उभे राहिले तरी इंजिन धडधडत ठेवूनच बोलत. सव्वा महिन्यापूर्वी, सकाळच्या दुसऱ्या तासाला, मी डहाणूच्या शाळेत सातवीला शिकवत होतो, तेव्हा ती ओळखीची धडधड फाटकातून आत आली, वर्गाच्या खिडकीखाली थांबली, आणि बंद झाली. मी खडू खाली ठेवला. बाहेर आलो तर भावोजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ‘‘मधू, तुझी ताई गेली,’’ ते म्हणाले. ‘‘चहा ठेवायला उठली, आणि पाटावर बसली ती बसलीच...’’ पुढे मी आणि शाळेच्या शिपायानं ढकलून जीप सुरू केली आणि आम्ही आगरला गेलो.

नलूताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आगरच्या बागायतदार घरात तिला दिलेली. चिकूची वाडी, थोडं भात, थोडा भाजीपाला. मूलबाळ झालं नाही. घरात ती, भावोजी आणि सासूबाई. गावातले लोक तिची आठवण काढतात ती तिच्या कामाच्या उरकासाठी. करंड्या भरायला बसली की चिकू हातात घेऊनच त्याचं वजन सांगायची. मला लिहायचंय ते तिच्या दुसऱ्या एका उद्योगाविषयी, जो फार थोड्यांना ठाऊक होता. ताई मोटारीच्या प्रवासाचे बेत आखत असे. स्वतः ती मुंबईपलीकडे कुठे गेलेली नव्हती.

सुरुवात झाली जीपपासूनच. लढाईत वापरलेली ही गाडी भावोजींनी लिलावात घेतली होती, माल स्टेशनावर न्यायला. पण गाडी दारात आल्यावर स्टेशनाच्या पुढेही रस्ता असतो हे ताईच्या मनानं घेतलं. दुपारची जेवणं झाली की ती ओटीवर वही घेऊन बसायची. मी शाळेचा ॲटलास आणि वाचनालयातली प्रवासवर्णनं नेऊन द्यायचो. ती चाळून बाजूला ठेवायची. ‘‘ह्यात गावांची नावं आहेत रे, पाण्याची चव नाही,’’ म्हणायची. तिची माहिती येई ती माणसांकडून. धाकटी डहाणू गावाहून सुकी मासळी घेऊन येणारी एका तांडेलाची बायको, जिचा नवरा गलबत घेऊन वेरावळपर्यंत जाऊन आलेला. तलासरीहून गवताच्या गाठी वाहणारे ट्रकवाले, जे पाणी प्यायला वाडीत थांबत. आणि वेवजीची लाडकी, वारली बाई, जी बागेत कामाला येई आणि तरुणपणी लाकूडतोडीच्या टोळीबरोबर डांगच्या जंगलात दोन हंगाम राहून आलेली होती. ताई त्यांना सगळं विचारायची. विहीर गोड की मचूळ? झाड कोणतं? दुपारी सावली रस्त्याच्या कोणत्या अंगाला पडते?

त्यातून जो कागद तयार होई, तसा कागद मी पुढे कुठंच पाहिला नाही. त्यात मैल कमी आणि वेळा जास्त असत. समुद्रकाठच्या भागाला तर ती पंचांगच लावायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे आमच्याकडे किनाऱ्यावरच्या पोरासोरांना ठाऊक असतं. त्यावरून ती ओहोटी काढी आणि बोर्डीपर्यंत वाळूवरून गाडी किती वाजता घालायची ते लिही. आणि मध्येच मोठ्या अक्षरात सूचना... ‘डावीकडे बघा.’ ‘इथं बोलू नका.’ ‘पूल सकाळीच ओलांडा, दुपारी पाणी डोळ्यांत घुसतं.’ कुठे काय दिसेल आणि ऊन कोणत्या बाजूनं असेल, हे तिनं न पाहिलेल्या जागांबद्दल ठरवून टाकलेलं असे.

पहिला मोठा बेत किनारा आणि जंगल असा होता. तेव्हा वेवजीच्या पलीकडे राज्याची सीमा आलेली नव्हती, सगळा मुलूख एकच होता. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांसाठी भावोजी, त्यांचे दोन वाडीवाले मित्र आणि मी असे चौघं निघालो. ताई येणार का, असा प्रश्नच कुणी काढला नाही. मीही नाही. मला गाडी लागते म्हणून पुढची जागा मला दिली गेली. निघताना ताईनं कागद माझ्याच हातात ठेवला. ‘‘तू वाचणारा आहेस,’’ म्हणाली. ‘‘हे लोक गप्पा मारतील. तू बघ. विशेषतः धरमपूरच्या पुढच्या उतारावरचं ते वळण. नऊच्या आत पोचा. तिथलं मला आल्यावर सांग.’’

त्या वळणाबद्दल कागदावर चार ओळी होत्या. डावीकडे खाली नदी, पलीकडे बांबूचं रान, ऊन पाठीमागून, गाडी थांबवा. ह्या एका जागेवर तिचा इतका जीव का होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित लाडकी त्या जागेबद्दल बोलताना हातातलं काम थांबवायची, म्हणून असेल. आम्ही तिथं वेळेवर पोचलो. पण घाटात माझं डोकं गरगरायला लागलं होतं, मी डोळे घट्ट मिटून दांड्याला धरून बसलो होतो, आणि मागे मित्रमंडळी कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर हसत होती. मी डोळे उघडले तेव्हा आम्ही सपाटीला लागलो होतो.

परत आलो त्या संध्याकाळी ताईनं मला ओटीवर बसवलं. बाकीचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘‘नदी दिसली?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘कशी होती?’’

‘‘छान होती.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि वही मिटली.

त्या ‘हो’चं ओझं मी बरेच महिने बाळगलं. तसं ते क्षुल्लक होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण जी बाई घर सोडून कुठे जाऊ शकत नव्हती, तिनं मला स्वतःचे डोळे म्हणून पाठवलं होतं, आणि मी ते मिटून घेतले होते.

दोन वर्षांनी तिनं दुसरा बेत काढला. ह्या वेळी जंगलाच्या पुढे कच्छचं रण. भावोजींच्या मित्रांना कल्पना फार आवडली. पौषात निघायचं ठरलं. एका रविवारी सगळे ओटीवर जमले, मीही होतो. ताईनं कागद वाचायला दिला. तलासरी, धरमपूर, डांग, मग तापी, नर्मदा, अहमदाबाद, वीरमगाम. तिथं कागद संपला.

भावोजींनी उलटून पाहिला. ‘‘आणि वीरमगामच्या पुढे?’’

‘‘पुढचं तिथं पोचल्यावर सांगेन,’’ ताई सुपातले तांदूळ निवडत म्हणाली.

‘‘कुणाला सांगशील?’’

‘‘गाडीत असतील त्यांना.’’

मित्रांपैकी एक जण मोठ्यानं हसला. ‘‘वसंतराव, वहिनींनी रण अडकवून ठेवलंय तुमचं!’’ भावोजी हसले नाहीत. चिडलेही नाहीत. ते तसे सरळ मनाचे. बायकोला कुठे जावंसं वाटत असेल हे त्यांच्या खरोखरच डोक्यात आलेलं नव्हतं. आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘आणि घर कोण बघंल? मी काय मेले तर ह्यांना तार रणात पाठवायची?’’

‘‘मी राहतो,’’ मी म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं कुणास ठाऊक. ‘‘मी इथं येऊन राहतो. शाळेत सायकलनं जाईन.’’

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘‘तू? मास्तर, पेजेत मीठ किती घालतात ते तरी ठाऊक हाय का तुला?’’

‘‘तुम्ही सांगा. मी लिहून घेतो.’’

‘‘बहीण पुस्तकं लिहिते, भाऊ पेज लिहिणार,’’ त्या म्हणाल्या, पण आत जाताना त्यांनी नाही म्हटलं नाही. सुनेच्या भावानं येऊन चूल सांभाळावी, ही गोष्ट आगरात त्यापूर्वी कुणी ऐकली नसेल. गावात थोडी थट्टा झाली. पौषात ताई गेली. जागा व्हावी म्हणून एका मित्रानं आपण होऊन माघार घेतली. दुसऱ्यानं बायकोला बरोबर घेतलं.

ते दहा दिवस मी त्या घरात काढले. भात करपवला, पेज खारट केली, सासूबाईंची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या खाटेवर बसून म्हणाल्या, ‘‘आज कुठं असतील रे?’’ मी कागदाची नक्कल काढून वाचली. ‘‘डावीकडं काय लिवलंय?’’ त्यांनी विचारलं. मग रोजचाच तो परिपाठ झाला. खाडीपलीकडे कधी न गेलेली ती म्हातारी माझ्याबरोबर डांगातून, नर्मदेवरून निघाली. वीरमगाम आलं तसा माझा कागद संपला. ‘‘पुढं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढचं ताईकडे आहे.’’ ‘‘मग तू मास्तर कशाला झालास? सांग कायतरी.’’ मी क्रमिक पुस्तकातलं वाळवंट सांगितलं... उंट, खजुराची झाडं, वाळूच्या टेकड्या. त्या ऐकत राहिल्या.

ताई परत आली ती उन्हानं काळवंडून. पहिल्या दिवशी काही बोलली नाही. घरभर फिरून कोणती वस्तू मी कुठे ठेवली आहे ते बघत होती. दुसऱ्या दिवशी, करंड्यांत गवत घालत असताना, सहज बोलल्यासारखं म्हणाली, ‘‘मधू, त्या वळणावरून नदी दिसत नाही रे. मधे टेकडी येते.’’

माझ्या हातातलं गवत हातातच राहिलं.

‘‘लाडकीनं सांगितली ती जागा पायवाटेवरची. ती डोक्यावर मोळी घेऊन वरून जायची. मी ते खालच्या गाडीरस्त्यावर मांडलं. चूक माझीच.’’ मग माझ्याकडे बघून हसली. ‘‘डोळे मिटले होतेस ना?’’

मी मान हलवली. क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिनं मागू दिली नाही. ‘‘अरे, तू नुसतं ‘छान होती’ म्हणालास, तेव्हाच मला कळलं. खरं बघून आलेला माणूस असं बोलत नाही. त्याच दिवशी ठरवलं, दुसऱ्याला पाठवून भागायचं नाही. तू नीट खोटं बोलला असतास ना, तर मी अजून इथंच बसले असते.’’

मग आठवडाभर ती मला रण सांगत होती. सगळ्यात आधी तिनं स्वतःचीच फजिती सांगितली. तांडेलाच्या बायकोनं तिला सांगितलं होतं की रणात समुद्राचं पाणी शिरतं. तेवढ्यावरून ताईनं सवयीनं पंचांग काढलं, तिथीची पाऊणपट केली, आणि ओहोटीची वेळ साधून सगळ्यांना भल्या सकाळी उठवून तिकडे नेलं. मिठागरात काम करणाऱ्या एका बाईला तिनं विचारलं, पाणी किती वाजता परत येईल? ती बाई पोट धरून हसली. ‘‘बेन, पाणी तो चोमासामां आवे. वरसमां एक वार.’’ पाणी येतं ते फक्त पावसाळ्यात! हे सांगताना ताईला स्वतःलाच हसू आवरेना. मग हसू थांबवून म्हणाली, ‘‘वर्षाला एकच भरती, मधू. म्हणजे मी उभी होते ती ओहोटीतच.’’ माझ्या खजुराच्या झाडांपैकी तिथं एकही नव्हतं. वाळूसुद्धा नव्हती. चिखल सुकून तडकलेला, वर मिठाची पांढरी साय, आणि लांबवर मृगजळात काही झुडपं, बुंधे कापून हवेत टांगल्यासारखी. ती चपला काढून चालत सुटली. मागं वळून बघत होती; जीप चिकूएवढी दिसायला लागली तेव्हा थांबली.

पुन्हा ती कुठे गेली नाही. सासूबाईंचं आजारपण आलं, नंतर त्या गेल्या, मग वाडीत कीड पडली, असं काही ना काही होत राहिलं. तिनं त्याबद्दल कुरकूर केल्याचं मला आठवत नाही. बेत मात्र आखत होती. कुणाच्या दारात गाडी आली की माणूस कागदासाठी तिच्याकडे यायचा, आणि ती आता प्रत्येकाला एकच अट घालायची, की घरातल्या बाईला बरोबर न्यायचं. किती जणांनी पाळली ठाऊक नाही. काहींनी पाळली.

मी हल्ली रविवारी आगरला जातो. भावोजी ओटीवर बसलेले असतात. वही तिथंच कोनाड्यात आहे, पण ती आम्ही काढत नाही, कारण वीरमगामच्या पुढचं त्यात नाहीच. ते तिनं शेवटपर्यंत लिहिलं नाही. पहिल्या रविवारी भावोजी एकदम म्हणाले, ‘‘मधू, मी तिथं होतो रे. पण मला काही आठवत नाही. मी रस्ता बघत होतो, आणि तिथं पोचल्यावर टायर बघत बसलो. तुला तिनं सांगितलंय ना? तू सांग.’’

तेव्हापासून मी सांगतो. तिनं सांगितलं तेवढंच, तिनं सांगितलं त्या क्रमानं. तडकलेली जमीन, मिठाची साय, टांगलेली झुडपं, हसणारी बाई. जे मला ठाऊक नाही तिथं ठाऊक नाही म्हणतो. काल त्यांनी विचारलं, ‘‘एवढ्या लांब जाऊन उभी राहिली, ती काय बघत होती?’’

‘‘ते तिनं मला सांगितलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘बराच वेळ उभी होते, एवढंच म्हणाली. मग तुम्ही हॉर्न वाजवलात.’’

‘‘तीनदा,’’ भावोजी म्हणाले. ‘‘पहिल्या दोन वेळा वळलीच नाही.’’