अख्ख्या बिल्डिंगचा ईमेल

ईमेल ही खासगी गोष्ट असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी नव्वदीच्या शेवटी भाईंदरजवळ पूनम सागरला राहायला हवं होतं. माझा ईमेल आयडी आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा होता. मी कुणाला दिला नव्हता. त्यांनी घेतला.

याला कारण फोन. आम्ही सगळे मुंबईतल्या खोल्या विकून इकडे राहायला आलो, तेव्हा आमच्या विंगमध्ये एकच फोन होता, तळमजल्यावरच्या काकांकडे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. तोवर सगळ्यांनी काकांचाच नंबर जगभर वाटला, पुढे 'पीपी' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणूस आमचा. फोन आला की काका जिन्यात येऊन हाक मारायचे. माणूस घरी नसला तर, "ती बाजारात गेलीये, काय निरोप आहे?" असं विचारून निरोप घ्यायचे आणि पोचवायचे. आमच्या विंगमधली निम्मी लग्नं त्या फोनवर ठरली असतील. पुढे घरोघर फोन आले, पण पीपीची सवय काही सुटली नाही.

मी तेव्हा एम.एस्सी. करून खाडीकाठच्या तिवरांवर काम करत होते. भाईंदरच्या चिखलात गुडघाभर उतरायचं, पानं गोळा करायची, आणि मग त्यांच्याबद्दल जगात कोणी काय लिहिलंय ते शोधत बसायचं. हवे ते पेपर मुंबईच्या लायब्ररीतही मिळेनात, म्हणून मी सिल्व्हर पार्कच्या सायबर कॅफेत जायला लागले आणि तिथेच ईमेल आयडी काढला. आईने ही बातमी टँकरच्या रांगेत कौतुकाने सांगितली. झालं! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मस्कतच्या भावाला माझा आयडी कळवला. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी रोज गॅलरीतून विचारायला लागल्या, "बेटा, मेरे भाई का कुछ आया क्या?" आणि काकांनी अमेरिकेतल्या मुलाला फोन करून सांगितलं, आता तुला पत्र टाकायचाही त्रास नको, या आयडीवर लिही.

मी सायबरमधून परत आले की जिन्यात माणसं उभी. मी काय पोस्टमन होते? वहिनींचा भाऊ आपल्या बाळाचे फोटो पाठवायचा. एकेक फोटो उघडायला इतका वेळ लागायचा की बाळाचं टोपडं दिसून नाक दिसेपर्यंत माझा तास संपायचा. वर ते फोटो काढून टाकायचे नाहीत, वहिनींच्या आईला यायचंय बघायला! मी वैतागून वहिनींना वेगळा आयडी काढून दिला. आठ दिवसांत पासवर्ड विसरल्या. "जाऊ दे गं, तुझाच बरा, सगळ्यांना पाठ आहे." मी कपाळाला हात लावला. स्वतःचा आयडी बदलावा म्हटलं, तर तोच मी परदेशातल्या सगळ्या अर्जांवर लिहून बसलेले.

आणि त्या अर्जांवर माझं सगळं अवलंबून होतं. ऑस्ट्रेलियातल्या एक प्राध्यापक बाई तिवरांवरच काम करायच्या. त्यांच्याकडे पीएच.डी.ची एक जागा होती, स्कॉलरशिपसकट. स्कॉलरशिप नसती तर मी भाईंदरच्या पुलापलीकडेही गेले नसते. बाबा गेल्यापासून घर आईच्या नोकरीवर चालत होतं. बाईंनी लिहिलं होतं, तुझं नाव शेवटच्या दोघांत आहे, कळवते. बस, एवढंच. मी रोज त्या एका मेलसाठी जायचे आणि रोज मस्कतच्या बाळाला दात आल्याचं वाचून यायचे.

शेवटी डोक्यावरून पाणी गेलं आणि मी पासवर्ड काकांना देऊन टाकला. ते नुकतेच रिटायर झाले होते, दिवस जाता जात नव्हता. म्हटलं, "काका, बिल्डिंगचं सगळं आता तुम्हीच बघा. फक्त ऑस्ट्रेलियाहून काही आलं तर हात लावू नका, मला सांगा." काकांना नोकरी लागल्यासारखं झालं. रोज जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. एका बोटाने टाइप करायचे, आणि करता करता मोठ्याने बोलायचेही. सायबरवाला मला म्हणाला, "मॅडम, अंकल को बोलो ना धीरे बोले, बाकी कस्टमर हसते है." काका प्रत्येक मेलला उत्तर द्यायचे. वहिनी दळण आणायला गेल्यात, आल्या की सांगतो. भाभींचे गुडघे बरे आहेत. मस्कतचा भाऊसुद्धा आता बहिणीचं सोडून काकांचीच खुशाली विचारायला लागला.

फक्त त्यांच्या मुलाची मेल नसायची. काका परत आले की काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या, "आलं का हो काही?" काका म्हणायचे, "बिझी असेल." ते दोघं हे इतक्या शांतपणे बोलायचे की मलाच त्या मुलाचा संताप यायचा. एवढा काय बिझी! दोन ओळी लिहायला हात मोडतो का?

त्याच सुमाराला मावसबहिणीचं लग्न निघालं, अलिबागच्या पुढच्या एका खेड्यात. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "तुझी ती मेल काय पळून जाणारे?" मी काकांना मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर दिला, पुन्हा पुन्हा बजावलं आणि गेले. लग्नात माझं लक्ष नव्हतं. त्या शेजाऱ्यांचा फोन मी सारखी उचलून बघत होते. पहिल्या दिवशी चालू होता. दुसऱ्या दिवशी जो बंद पडला तो पडलाच.

शुक्रवारी संध्याकाळी रिक्षातून उतरतोय तर काका गेटवरच उभे. माझी बॅगही त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाले, "अगं, ऑस्ट्रेलिया आलं होतं. मंगळवारी. मी कितीदा फोन लावला, लागेचना."

"काय म्हणाल्या बाई?"

"जागा तुला देतायत. पण गुरुवारपर्यंत हो म्हणायला हवं होतं, नाहीतर दुसऱ्याला."

गुरुवार काल होऊन गेला होता. काका घाईघाईने म्हणाले, "घाबरू नकोस, मी बोललोय त्यांच्याशी."

"बोललात म्हणजे?"

"म्हणजे काल लिहिलं. ती लग्नाला गेलीये, शुक्रवारी येईल, तोवर होल्ड करा, असं. आज दुपारपर्यंत उत्तर नव्हतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, तो फोन नाहीये हो! होल्ड करायला ती बाई काय तिथे रिसीव्हर धरून बसलीये? अहो, हो म्हणून मोकळं व्हायचं ना! एक शब्द लिहायचा होता!"

"तुझ्या वतीने हो कसं म्हणणार?" काका गोंधळून म्हणाले. "आपण निरोप घ्यायचा. उत्तर ज्याचं त्याने द्यायचं."

मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं या माणसाने सगळ्यांचे निरोप घेतले, आणि नको तेव्हा हा नियम पाळला! आई काहीतरी समजावत होती, तिला तिथेच बॅगांपाशी सोडून मी सिल्व्हर पार्ककडे सुटले. लग्नाची साडी, केसांत सुकलेला गजरा, आणि मागून काकांच्या चपलांचा आवाज. मी मागे वळून बघितलं नाही.

सायबरमध्ये लाइन लागेना. मोडेम किंचाळायचा, दमायचा, पुन्हा किंचाळायचा. सायबरवाला म्हणाला, "मॅडम, शाम को ऐसाच होता है." काका दाराशी धापा टाकत उभे होते, आत यायची त्यांची हिंमत नव्हती. मी मुद्दामच त्यांना बसा म्हटलं नाही.

अखेर मेलबॉक्स उघडला. बाईंचं नाव वरच होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'तुझ्या शेजाऱ्यांकडून कळलं. जागा सोमवारपर्यंत तुझ्यासाठी ठेवली आहे. लवकर कळव.' मी हो लिहिलं, पाठवलं, गेलं की नाही म्हणून परत उघडून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. तेव्हा कुठे बाईंच्या मेलमधल्या शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं: 'आणि त्यांना सांग, त्यांनी सांगितलेलं मी नक्की लक्षात ठेवीन.'

"काका!" मी दाराकडे बघून ओरडले. "अजून काय लिहिलंत तुम्ही तिला?"

"काही नाही गं. सहज आपलं."

"सहज काय?"

काका आत आले, माझ्या खुर्चीला धरून उभे राहिले. एवढ्या माणसांत पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. "तेवढंच लिहिलं, की मुलीला न्या, पण दर रविवारी ती आईला लिहील एवढं बघा. तिकडे गेलं की मुलं कामात बुडतात. तुम्ही तिच्या साहेब आहात, तुमचं ऐकेल."

काका शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत होते.

"आमच्याकडे त्याच्या साहेबांचा पत्ता नाही ना," ते म्हणाले. "नाहीतर त्यांनाही लिहिलं असतं."