गाडीत बसण्याचा वार

फुमिए हामासाकींनी वस्तीच्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. सभा संपली की चहाचे कप विसळायचे, जमिनीवर बसायच्या उश्या रचून ठेवायच्या आणि दिवा मालवून घरी जायचं, हे त्यांचं काम. बंदरावरच्या त्या टेकडीवर त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा नवरा खालच्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. त्या स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या. माणूस आत बसेल एवढ्या पातेल्यांत मिसोचं सूप ढवळता ढवळता आणि ओल्या फरशीवर उभं राहता राहता गुडघे कधी गेले, ते कळलंच नाही. आजही खालच्या बाजारात पन्नाशीचा एखादा टकल्या मासेवाला त्यांना पाहून म्हणतो, "बाई, मी गाजर टाकून द्यायचो, आठवतं का?" त्यांना आठवतं. कोण काय टाकायचं ते सगळं आठवतं.

नवरा गेल्यावर पांढरी छोटी गाडी त्या स्वतः चालवत. एक दिवस ती वळणावरच्या टपालपेटीला जाऊन धडकली. कुणाला काही झालं नाही, पेटी मात्र वाकली. दुसऱ्याच दिवशी फुमिएबाईंनी पोलीस चौकीत जाऊन लायसन्स परत केलं. तिथल्या माणसाने वाकून आभार मानले, यांनीही वाकून मानले, आणि मग बाहेर आल्यावर लक्षात आलं की आता घरी चढून जायचंय.

टेकडीवरचं दुकान आधीच बंद पडलं होतं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढताना त्यांना तीनदा भिंतीला टेकावं लागे. ओसाकाला राहणारा मुलगा तोशिहारू फोनवर म्हणाला, "आई, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी होतेय. दोन महिन्यांत कळवायचंय. तू आलीस तर आम्हाला आनंदच आहे."

"बघते," त्या म्हणाल्या. या घराच्या परसात नवऱ्याने लावलेली मोसंबी होती, समोर समुद्र होता, आणि शेजारी नव्वदी गाठलेली हिदे आजी होती. जायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण मनात नाही एवढ्यावर भागत नाही, गुडघ्यांनाही विचारावं लागतं.

आणि नेमकी तेव्हाच नगरपालिकेने ती गाडी आणली. विजेवर चालणारी, दारं नसलेली, पावसाला प्लास्टिकचे पडदे, मागे सहा माणसांची सोय, टेकडीवरून खालच्या बाजारात आणि स्टेशनपर्यंत फेऱ्या. सायकलवाला पोरगा सहज पुढे निघून जाईल एवढाच वेग, कारण त्याहून जोरात चालवायची परवानगीच नव्हती. पोलिसांनी अटी घातल्या: हमरस्त्यावर जायचं नाही, तो फक्त सिग्नलपाशी ओलांडायचा, आणि मागे मोटारी साचल्या की ठरलेल्या जागी बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायचं. या जागा ठरवायला नियोजन विभागातली सेरा नावाची तरुण बाई भर उन्हात टेप घेऊन गल्लीगल्ली हिंडली. चालवायला निवृत्त बसचालक ओरिता तयार झाले, बिनपगारी. शरद ऋतूभर चाचणी, लोकांनी वापरली तर कायम, नाही तर परत.

सगळी टेकडी खूश झाली. आणि गाडी रोज रिकामी धावू लागली.

फुमिएबाई स्वतःच दोनदा थांब्यावरून चालत निघून गेल्या होत्या. आपण अजून चालतो तरी, हिदे आजीला जागा लागली तर? तिसऱ्यांदा त्या थांब्यावर आल्या तर आजी आधीच उभ्या. गाडी आली. दोघींनी वाकून नमस्कार केला, ओरितांनीही केला.

"तुम्ही बसा, हिदेसान."

"छे, छे. तुमचे गुडघे. तुम्ही बसा."

"माझं काय, मी हळूहळू जाईन. तुम्हाला दवाखान्यात जायचं असेल."

"आज कुठला दवाखाना? टोफू आणायचाय नुसता. टोफूसाठी का कुणी गाडीत बसतं?"

ओरिता मान वळवून म्हणाले, "मागे सहा जागा आहेत. दोघींनी बसलं तरी चार उरतात."

"पण पुढे कुणी खरं गरजू भेटलं तर?" आजी म्हणाल्या.

"तोच तर," फुमिएबाई म्हणाल्या.

मागे एक मोटार येऊन थांबली होती. तिच्यातल्या माणसाने भोंगा वाजवला नाही, उलट संकोचून मान झुकवली. तेवढ्यावरून या दोघी इतक्या ओशाळल्या की "जा, जा, तुम्ही निघा" म्हणून त्यांनीच गाडी पुढे घालवली, आणि एकमेकींना आधार देत टोफू आणायला पायी उतरल्या.

महिन्याने वस्तीच्या सभागृहात आढावा झाला. सेरा उभी राहिली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"गाडीबद्दल आपलं मत काय?"

"फार चांगली गाडी," वस्तीप्रमुख म्हणाले. "रोज जाताना दिसते. बघून बरं वाटतं."

"आवाज नाही तिचा," कुणी म्हणालं.

"ओरितासान किती सांभाळून चालवतात."

"मी वारा वाहून नेतो," ओरिता म्हणाले. "वाऱ्याला सांभाळून न्यायला काय लागतं?"

लोक हसले. सेरा हसली नाही. "असंच राहिलं तर गाडी परत जाईल. इथे गरज नाही, असं वरचे म्हणतायत. त्यांना मी काय सांगू?"

लोक वाकून नमस्कार करून एकेक करत घरी गेले. फुमिएबाईंनी कप विसळले, उश्या रचल्या. रात्री तोशिहारूचा फोन आला. खोलीचं काय ठरलं? "या आठवड्यात सांगते," त्या म्हणाल्या, आणि भात तसाच झाकून ठेवला.

सकाळी कचरा गोळा होतो त्या जागेवर हिदे आजी झाडू मारत होत्या. कमरेत काटकोन झालेला, तरी जाळी नीट पसरून, कावळ्यांनी फाडलेली पिशवी पुन्हा बांधून. त्या आठवड्यात कामाची पाळी, म्हणजे वार, त्यांचा होता. वाराची लाकडी पाटी घरोघर फिरते. दारावर आली की ज्याचं घर त्याचं काम.

"द्या इकडे, मी करते," फुमिएबाई म्हणाल्या.

"वार माझा आहे," आजींनी झाडू सोडला नाही. "मी मेल्याशिवाय तो चुकायचा नाही."

फुमिएबाई तिथेच थबकल्या. मग पिशवी ठेवून तशाच एप्रनवर टेकडी उतरून थेट नगरपालिकेत गेल्या.

"बसण्याचा वार लावा," त्या सेराला म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाटी फिरवायची. ज्याच्या दारावर पाटी, त्या घरातल्या माणसाने त्या दिवशी गाडीत बसायचंच. वस्तीसाठी. बसा म्हटलं तर आमच्यातलं कुणी बसणार नाही. मी नाही बसले. दुसऱ्याची जागा अडते असं वाटतं हो. पण काम म्हणून सांगितलंत तर तापातसुद्धा येतील."

सेरा गोंधळली. "हे नियमात बसेल का?"

"नियम वेगाचा आहे ना? की कोणी का बसावं याचाही आहे?"

सेराने आत जाऊन विचारलं. तसा कुठलाच नियम नव्हता.

पुढच्या सभेत फुमिएबाई उठून उभ्या राहिल्या तेव्हा वस्तीप्रमुखांना वाटलं, चहा संपला. त्यांनी हात एप्रनमध्ये धरून सगळं सांगितलं, ओसाकाच्या खोलीचंसुद्धा. "गाडी गेली तर मला जावं लागेल. मला जायचं नाही," एवढं म्हणून त्या खाली बसल्या. सभेतल्या बहुतेकांच्या घरी असाच एखादा फोन येत होता. वस्तीप्रमुख खाकरले आणि पाट्या कोण रंगवणार, असं त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी हिदे आजी नातीच्या लग्नातला कोट घालून थांब्यावर उभ्या. परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. "काय करणार," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "वार आहे." उतरताना मात्र त्यांनी ओरितांना विचारलं, समुद्राकडची बाजू उद्या कुणाला मिळणार.

पंधरवड्यात गाडी भरू लागली. वार नसताना बसले म्हणून एक गृहस्थ ओरितांकडे संत्री घेऊन माफी मागायला गेले. ओरितांनी संत्री ठेवून घेतली आणि म्हणाले, "रोज या."

मग वेगळंच दुखणं निघालं. गाडी ठिकठिकाणी थांबू लागली, तशा मागे मोटारी साचू लागल्या. पार्सलवाल्यांनी कुरकुर केली आणि पोलीस म्हणाले, वळणाच्या वर बाजूला थांबायला आणखी एक जागा हवी. ती सपाट जागा एकच होती, फुमिएबाईंच्या मुळ्यांचा वाफा. सेराला विचारवेना. ती टेप हातात घेऊन नुसतीच कुंपणापाशी घुटमळत राहिली.

"मोज की," फुमिएबाई आतून म्हणाल्या. "पण मुळे मोठे होईपर्यंत थांबायचं."

मुळे निघाले, तिथे खडी पडली. फुमिएबाईंनी ते मिठात घालून दगडाखाली दाबले आणि गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना वाटले.

खोलीसाठी तोशिहारूने घरमालकाकडून थोडी मुदत वाढवून घेतली होती. ती संपायच्या आदल्या दिवशी सेरा गाडीतूनच वर आली. फुमिएबाई धुणं वाळत घालत होत्या. सेरा कुंपणाशी उभी राहिली आणि इतकी खाली वाकली की तिचं गळ्यातलं ओळखपत्र लोलकासारखं लोंबू लागलं.

"कायम झाली. चाचणी संपली तरी रोज चालेल. वसंतापासून आठवड्यातून दोनदा मोठ्या दवाखान्यापर्यंत, सिग्नलपाशी रस्ता ओलांडून."

फुमिएबाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्या ओसरीच्या कडेवर बसल्या. सेराही शेजारी बसली. मग फुमिएबाई म्हणाल्या, "जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न पाहता भात वाढायला आत गेल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतः ओसाकाला फोन लावला. "खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. मी येत नाही."

तिकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"आई, खरं सांगू? त्या खोलीत ऊन मुळीच येत नाही. तुला कसं सांगावं कळत नव्हतं."

"आधी सांगायचंस की रे, गाढवा."

"तुला यायचंय असं वाटत होतं. मीच नको म्हणतोय असं झालं असतं."

"आणि मला वाटत होतं, मी नाही म्हटलं तर तुला वाईट वाटेल."

तो हसायला लागला, मग त्याही. नव्या वर्षाला मुलांना घेऊन येतो, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, असं तो म्हणाला. "येणार," त्या म्हणाल्या. "गाडीने येणार."