मधल्या दोन तारा

"गाडी फटाके उडवते आणि चालू होत नाही," असं सांगत कुणी आलं की मला आधी माझाच राग येतो आणि मग भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या चौक गावची ती जीप आठवते.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी रत्नागिरीकडून येऊन भाईंदरच्या एका गॅरेजात मिस्त्री झालो होतो, गोडदेवला खोली घेऊन राहत होतो. वय पंचविशीचं आणि डोक्यात हवा. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता.

दिवाळीआधीच्या एका रविवारी चौकहून बोलावणं आलं. गाडी एका कोळी मावशीची. तिच्या नवऱ्याने लष्कराच्या लिलावातून आणलेली, मागे फळ्या ठोकून मासळीच्या टोपल्यांना जागा केलेली. नवरा त्या पावसाळ्यात वारला होता. आता धाकटा दीर चालवायचा, पण त्याचा सगळा जीव होडीत. दसऱ्यापासून गाडी बिघडली, तसं त्याने भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगून टाकलं. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस. गाडी गेली असती तर मावशीसकट वाडीतल्या सात-आठ बायकांवर टोपल्या घेऊन बसची वाट बघायची पाळी येणार होती. आणि ओल्या टोपल्या दिसल्या की कंडक्टर घंटीची दोरी ओढून मोकळा!

हँडल मारलं. तीन-चार गचके बसले आणि कार्ब्युरेटरमधून असा फटाका उडाला की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार गेल्या. पुन्हा मारलं. इंजिनाने कसंबसं धरलं, थरथरलं आणि बंद पडलं.

"भाऊ गेला, गाडीचा पण जीव गेला," दीर बाजेवरून म्हणाला. "कशाला झटतोस, मिस्त्री?"

मावशी बोनेटजवळ आली. "मिस्त्री, जरा आयक..."

"मावशी, तुम्ही चहा टाका," मी म्हणालो.

असं मी तिला सकाळपासून तीनदा चहाला पिटाळलं. बिचारीने तीनदा चहा आणला.

मी कार्ब्युरेटर खोलला, जेट फुंकली. पॉइंट घासले. ठिणगीचं टायमिंग पुढेमागे करून पाहिलं. चारही प्लग काढले. त्यांच्या बुडाशी लालसर पूड होती, ती गंज समजून पेट्रोलने पुसली. प्लगच्या भोकांवर अंगठा धरून दाब पाहिला, चारही सिलिंडर धडधाकट. मग प्लग बसवून त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या तारा जशा होत्या तशा परत लावल्या. जिथली वस्तू तिथेच, हे माझ्या उस्तादाने मला पान्याचे फटके देऊन शिकवलं होतं. हँडल मारलं. पुन्हा फटाका! शेवटी पेट्रोलातच भेसळ आहे, असंही म्हणून झालं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दुपार टळली. तळहात सोलून निघाले होते. मी मडगार्डला टेकून बसलो आणि आपल्याला हे जमणार नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं. मावशीने चौथा चहा आणला. बशी पुढे करून नुसती गाडीकडे बघत राहिली. तेव्हा कुठे मी विचारलं, "मावशी, बिघडायच्या आधी इंजिनाला शेवटचा हात कुणी लावला?"

"मीच," ती हळूच म्हणाली. "सकालपासून तेच सांगायला बघतेय. दरसाल दसऱ्याला ते पूजा करायचे. जाळ्याची, कोयत्याची, इंजिनाची. यंदा मी केली. पयला सगळा पुसून घेतला, मंग त्या चार तारा काढल्या, खालच्या चारी प्लगना हळदकुंकू लावला आन् तारा परत लावल्या. ते तसाच करायचे. मी बघलेला हाय."

गंज कसला, कुंकू होतं ते!

मी उठून एकेका तारेवरून बोट फिरवत ती कुठल्या प्लगला जाते ते पाहिलं. मधल्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. ठिणगी भलत्याच वेळी पडायची आणि पेटलेलं पेट्रोल उलटं कार्ब्युरेटरमधून बाहेर यायचं. आणि मी शहाण्याने प्लग पुसून तिची चूक मोठ्या निष्ठेने जशीच्या तशी परत बसवली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टायमिंग जागेवर आणलं, दोन तारा बदलल्या. अर्ध्या हँडलला इंजिनाने धरलं आणि ते शांतपणे चालत राहिलं.

दीर धावत आला. "काय होता रे?"

जेटमध्ये कचरा होता, ही थाप माझ्या ओठांवर तयार होती. खरं कळलं असतं तर बाईने यंत्राला हात लावला की असंच होतं, हे त्याने जन्मभर ऐकवलं असतं. पण माझ्या आधी मावशीच बोलली.

"तारा मी उलट्या लावल्या. चूक माझी हाय. भंगारवाल्याला सांग, गाडी न्हाय विकायची." मग माझ्याकडे वळली. "आता कुठची तार कुठं, ता नीट दाखव. चहा मंग."

मी दाखवलं. तिने जाळं विणायचा दोरा आणला आणि पहिल्या तारेला एक गाठ, दुसरीला दोन, अशा चौथीपर्यंत गाठी मारल्या. इतकी साधी खूण मला कधी सुचली नव्हती. पुढे गॅरेजातही मी तशाच गाठी मारू लागलो आणि बोनेट उघडण्याआधी समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसायला शिकलो.

मग वर्षभर जमेल त्या रविवारी मी चौकला गेलो. मावशीला गाडी शिकायची होती. गिअर अडकला की मी तिच्यावर ओरडायचो आणि ती माझ्यावर दुप्पट.

पुढच्या दसऱ्याला तिने आवर्जून बोलावलं. बोनेट उघडं होतं, झेंडूचा हार घातलेला, प्लगना हळदकुंकू लावलेलं, चारही तारा सुट्या. सवयीने मी हात पुढे केला.

"हात न्हाय लावायचा," मावशी म्हणाली. "तू नारळ फोड."

तिने गाठी चाचपत चारही तारा लावल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. दिराने हँडल मारलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. भाईंदरच्या बाजाराला निघालेल्या वाडीतल्या बायका नव्या लुगड्यांत भराभर चढल्या.

"चल, तुला पण सोडते," मावशी ओरडली.

पुढे जागा नव्हती. मी मागे फळीवर दिराच्या शेजारी बसलो. भाईंदर येईपर्यंत दोघेही कान देऊन ऐकत होतो. एकही फटाका उडाला नाही.