अप्पांची चिमूट

मी निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने शाल दिली, नारळ दिला, आणि साहेब भाषणात म्हणाले की मॅडमसारखी रंगाची नजर अख्ख्या कडकोळ पट्ट्यात दुसऱ्या कोणाची नाही. टाळ्या वाजल्या. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई किती विनयी. डोंबलाचा विनय! मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. त्या नोकरीतली निम्मी वर्षं काम अप्पांनी केलं आणि पगार मी घेतला, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. रंगारी. आमची म्हैसुरातली गल्ली सगळी आमच्यासारख्यांचीच, कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेल्यांची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. पुण्याकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचा. हसेना का. आमच्या मागच्या अंगणात चुलीवर तांब्याचे दोन मोठे हंडे असत. लोक विटलेल्या रेशमी साड्या घेऊन येत आणि अप्पा त्यांना पुन्हा नव्यासारखा रंग चढवून देत. आई मी पाचवीत असतानाच गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच.

मी हंड्याजवळ गेले की अप्पा ओरडायचे, ‘अय्यो, हात घालू नको पोरी!’ गल्लीतल्या बाकी मुलींचे हात मनगटापर्यंत निळे नाहीतर लाल. माझे एकटीचे पांढरे. त्या मला खेळात घ्यायच्या नाहीत. मी दिसले की म्हणायच्या, ‘सरका गं, मॅडम आल्या.’ घरी येऊन मी रडायचे, अप्पा ऐकून घ्यायचे आणि तरीही हंड्याला हात लावू द्यायचे नाहीत. रंगलेल्या हाताला ऑफिसात कोणी खुर्ची देत नाही, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. त्यांना जे उत्तम येत होतं तेवढं सोडून बाकी सगळं त्यांनी मला शिकू दिलं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. म्हैसूरजवळ कडकोळला सूत रंगवायचा एक कारखाना नवीन निघाला होता, तिथल्या प्रयोगशाळेत जागा निघाली. अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी पेन धरून बसले, तर अप्पा मागून म्हणाले, ‘व्यापार लिही.’ मी लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी मार्कलिस्ट बघितली, दोन रासायनिक सूत्रं विचारली आणि नोकरी दिली. रंग ओळखता येतो का, हे कोणीही विचारलं नाही.

आणि तेच मला येत नव्हतं. काम काय, तर गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवणार आणि आपण त्याच रंगाचं सूत तयार करून द्यायचं. निळा, पिवळा, लाल किती घ्यायचा ते ठरवायचं. पुस्तकात हे फार सोपं दिसतं. मी ट्यूबलाइटखाली बसून तासन् तास जुळवायचे, तो माल गिऱ्हाइकाकडे जायचा आणि आठ दिवसांनी परत यायचा. तिसऱ्यांदा माल परत आला तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, अजून एक महिना बघू.’ त्या दिवशी मी बसमध्ये नंजनगूड रस्त्याच्या कडेची झाडं बघत घरी आले आणि जेवले नाही.

अप्पांनी कारण काढून घेतलंच. म्हणाले, ‘उद्या तो तुकडा घेऊन ये. तू केलेलं सूतपण आण.’ कारखान्यातून असं काही बाहेर न्यायची परवानगी नव्हती. मी ते डब्याच्या सगळ्यांत खालच्या पुडात घालून आणलं. मी दिव्याखाली दाखवायला गेले तर हात झटकून म्हणाले, ‘दिव्यात रंग बघतात होय? हेच शिकवलं का कॉलेजात?’

सकाळी उजाडल्यावर, रस्त्यावर ऊन पडायच्या आधी, ते उंबऱ्यावर येऊन बसले. आमचं दार उत्तरेकडे, थेट ऊन न येता सारखा उजेड येणारं. त्यांनी दोन्ही गोष्टी पाण्यात बुडवल्या, पिळल्या, मनगटाच्या आतल्या बाजूवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि अंगच्या उबेने वाळेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, ‘पिवळा एक चिमूट वाढव. निळा जरा उतरव. आणि काळा घाल, पण घातला असं कोणाला कळता कामा नये, एवढाच.’

मी म्हटलं, ‘अप्पा, चिमूट म्हणजे किती?’

‘चिमूट म्हणजे चिमूट!’

मग मी त्यांना मिठाच्या पाच चिमटी पाच पुड्यांत बांधायला लावल्या आणि कारखान्यातल्या काट्यावर तोलल्या. पाचही सारख्या. मी पुन्हा पुन्हा तोलून बघितलं, काटा बिघडला असेल म्हणून. त्या चिमटीचा हिशेब मांडून मी त्यांच्या सांगण्याचं ग्रॅममध्ये रूपांतर केलं. एवढं मात्र माझं, ते काही मी कोणाला देणार नाही. त्या वेळचा माल परत आला नाही.

पुढे हेच चाललं. अवघड रंग आला की मी साहेबांना सांगायचे, ‘उद्या सांगते सर.’ ते चेष्टा करायचे, ‘मॅडमना रात्री स्वप्नात रंग दिसतो!’ मी कायम झाले, मग प्रयोगशाळेची प्रमुख झाले. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गोल करून बसायच्या, एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. माझ्या खालच्या पुडात सुताची लडी असायची, म्हणून मी लांब खिडकीशी एकटी बसायचे. दोन-तीनदा बोलावलं त्यांनी. मग सोडून दिलं. गर्विष्ठ आहे असं माझ्याबद्दल बोलत, ते माझ्या कानावर यायचं. काय सांगणार होते मी त्यांना? इतक्या वर्षांत त्या कारखान्यात मला एक मैत्रीण झाली नाही.

दरम्यान अप्पांकडे साड्या येणं बंद झालं. धुऊन वाळत घातली की झाली अशा साड्या बाजारात आल्या होत्या, जुन्याला रंग कोण देतो? हंडे पालथे घालून ठेवले. गल्लीतल्या एकेकाने दुसरं काही धरलं, कोणी बँकेत चिकटलं, कोणी शिलाईचं दुकान काढलं. अप्पांचं वय त्यातल्या कशालाच बसत नव्हतं.

एक दिवस कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली. रंग जुळवायला मदतनीस पाहिजे, अनुभवी माणसांनी भेटावं. माझ्याच हाताखालची जागा, म्हणून साहेबांनी मलाही मुलाखतीला बसवलं. दुपारपर्यंत चार-पाच पोरं येऊन गेली. नंतर दार उघडलं आणि अप्पा आत आले.

लग्नाकार्याला घालायचा कोट, धुतलेलं धोतर. हात लिंबाने घासलेले दिसत होते, तरी नखांच्या कडा निळ्या. मला घरी चकार शब्द बोलले नव्हते. साहेबांनी फॉर्म बघितला आणि कन्नडात विचारलं, ‘मॅडमचं आणि तुमचं आडनाव एकच?’

‘आमच्यात पुष्कळांचं तेच आहे, सर.’

‘इथे ओळखीचं कोणी?’

‘यारू इल्ल, सर.’ कोणी नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले.

शिक्षण, चौथी. अनुभव, चाळीस वर्षं. साहेब माझ्याकडे वळले, ‘तुम्ही विचारा काही.’ काहीतरी विचारायला हवं म्हणून मी कन्नडातच विचारलं, ‘रंगांची रासायनिक नावं माहीत आहेत का?’ अप्पा आयुष्यात माझ्याशी कन्नडात बोलले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, अहोजाहो करून: ‘नावं नाही माहीत, मेडम. रंग माहीत आहेत.’

साहेब माणूस वाईट नव्हता. टेबलावर एक तुकडा पडला होता, तो उचलून म्हणाले, ‘एकदा हातात देऊन बघायचं का, मॅडम? तुम्ही म्हणाल तसं.’

एवढंच करायचं होतं. अप्पा तो तुकडा घेऊन खिडकीशी गेले असते, पाणी मागितलं असतं, मनगटावर ठेवला असता, आणि साहेबांना पाच मिनिटांत कळलं असतं की मॅडमचं स्वप्न कुठे पडतं. मला माझी खुर्ची दिसली, दारावरची माझ्या नावाची पाटी दिसली. मी भ्याले. त्याला दुसरं नाव नाही. मी म्हटलं, ‘उगाच वेळ कशाला घालवायचा सर? सर्टिफिकेट नाही. उद्या वरून कोणी विचारलं तर काय दाखवणार?’

साहेबांनी मान हलवली. अप्पा उठले, साहेबांना नमस्कार केला, मला केला, आणि दार हळू लावून घेऊन गेले. फॉर्म माझ्यापुढेच राहिला.

संध्याकाळी घरी गेले तर अप्पांनी भात आणि सारू करून ठेवलं होतं. मला हुंदका आवरेना. म्हणाले, ‘साकु, पुरे आता. रडायला काय झालं? बरोबर केलंस तू. तुझी नोकरी गेली असती.’

‘पण तुम्ही आलात कशाला अप्पा? मला विचारायचं तरी!’

‘विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.’ भात वाढत होते, हात थांबला. ‘सकाळची पाच मिनिटं सोडली तर दिवसभर मी करू काय गं? म्हटलं, तुझ्याबरोबर बसने जाईन, तुझ्याबरोबर येईन.’ मग पातेल्यावर झाकण ठेवलं. ‘जेव. सारू गार होतंय.’

त्या जागेवर एक डिप्लोमावाला आला. गुणी पोरगा, नावं सगळी तोंडपाठ, रंग कळायच्या नावाने शून्य. त्याच्या चुकलेल्या लड्याही मग माझ्या डब्यातून घरी यायला लागल्या. जी जागा अप्पांना मिळाली नाही त्या जागेचं कामही अप्पाच उंबऱ्यावर बसून करत होते, आणि पगार त्या पोराला. मला कारखान्याचा राग यायचा, त्या पोराचा यायचा, सर्टिफिकेट छापणाऱ्यांचा यायचा. सगळ्यांचा येऊन झाला की मी सापडायचे.

काही वर्षांनी अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. एका सकाळी त्यांनी ‘पिवळा कमी कर’ म्हणून सांगितलं, आणि मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते, तर मला स्पष्ट दिसलं की पिवळा कमीच आहे, वाढवायला हवा. मी दचकले. इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघत होते ते डोळ्यात कधी उतरलं, मला कळलंही नव्हतं. मी ‘हो अप्पा’ म्हटलं, कागदावर त्यांचं सांगणं लिहून घेतलं आणि कारखान्यात माझ्या मनाने केलं. माल परत आला नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी रोज लडी घरी आणत राहिले. गरज नव्हती, तरी आणायची. ते बघायचे, सांगायचे, मी लिहून घ्यायचे आणि कागद बसमध्ये फाडून टाकायचे. मला वाटायचं, मी त्यांना जपतेय.

एका सकाळी लडी त्यांनी मनगटावर ठेवलीच नाही. हातात घेऊन बसून राहिले.

‘पोरी, पंधरा-वीस दिवस मी मुद्दाम उलटं सांगतोय. लाल वाढव म्हणायचं तिथे निळा वाढव म्हणतोय. माल परत आला?’

मी डबा पुसायला लागले.

‘समोरची पांढरी मांजर पिवळी दिसते मला. मला काय कळत नाही होय? बोल, परत आला?’

‘नाही आला अप्पा.’

‘म्हणजे आलं तुला.’ चेहरा उजळला त्यांचा, खरंच उजळला. ‘मी शिकवलं नाही तरी आलं.’ लडी त्यांनी नीट गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मग दोन्ही हात जोडले, त्या दिवशी साहेबांसमोर जोडले होते तसेच, आणि कन्नडात म्हणाले, ‘हागादरे नन्न केलस मुगीतु, मेडम.’ म्हणजे मग माझं काम संपलं.

चेष्टा नव्हती त्यात, रागही नव्हता. मी म्हटलं, ‘असं नका हो बोलू अप्पा.’ पण ते भिंत धरून उठले होते आणि माझी बस यायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने डबा उघडून बाहेर आले. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. अप्पा आत जागे होते, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी लडी भिजवली, माझ्या मनगटावर ठेवली आणि वाळेपर्यंत तिथे एकटीच बसून राहिले. रंग मला बरोबर दिसला.