मुद्देमाल म्हणून जमा झालेली घोडी

घोडा दिसला की मला अजूनही कळंबची ती फिर्याद आठवते. निवृत्तीनंतर विरारलाच घर केलं. संध्याकाळी मित्र समुद्रावर चला म्हणतात, तेव्हा मी अर्नाळ्याला जातो, राजोडीला जातो, कळंब मात्र टाळतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि या वयात मन अडकून पडलंय ते एका लंगड्या घोडीपाशी. माणसांची नावं इथं लिहीत नाही. घोडीचं लिहितो, तिची बदनामी व्हायची भीती नाही. तिचं नाव सोना.

त्या वेळी किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. होळी तोंडावर आली होती. बंदोबस्ताची आखणी, शांतता समितीची बैठक, रिसॉर्टवाल्यांना नोटिसा, अशी धांदल चालू असताना ठाणे अंमलदाराने एका माणसाला माझ्यापुढे उभं केलं. हा कळंबचाच. पर्यटकांच्या पोरांना घोड्यावर बसवून वाळूवर फेरी मारून आणायचा. तीन घोडे, त्यावर पाच माणसांचं घर.

"साहेब, माजी घोडी चोरली. पांढरी. राती बांधली होती, सकाळी दावनीला नाय."

आमच्या एका हवालदाराला हसू आवरेना. "लग्नसराई आहे, गेली असेल कुणाच्या वरातीला," तो म्हणाला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. ज्याचं जनावर जातं त्याला ते हसण्यावारी नेता येत नाही. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, मला ते माहीत आहे. गुन्हा दाखल करून घेतला आणि विचारलं, संशय कुणावर?

"मोतद्दारावर. माज्याकडंच होता. मीच काढला त्याला गेल्या आठवड्यात."

मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा. हा म्हातारा मूळचा सातारकडचा, पण उभा जन्म मुंबईच्या रेसकोर्सवर तबेल्यात गेलेला. सोना तिथली शर्यतीची घोडी. शिंगरू असल्यापासून ती याच्या हाताखाली होती. तिचे धावायचे दिवस संपले तशी ती विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि शेवटी कळंबच्या वाळूवर आली. म्हातारा तिच्या मागोमाग आला. राहायला बोळिंजला मुलीच्या फ्लॅटमध्ये, आणि दिवसभर घोडीपाशी.

"काढलास का मग?"

"रविवारी घोडीला बाहेर काढू देईना, साहेब. म्हने पाय दुखतात तिचे. रविवार सोडला तर आमी खायाचं काय?"

त्याचंही खोटं नव्हतं.

पहिली खबर किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बाईने दिली. तिने उजाडता उजाडता म्हाताऱ्याला घोडीबरोबर पाहिलं होतं. "वाळूवरनं नाय नेली, साहेब. पान्यातून नेली, गुडघाभर पान्यातून." हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली की गडी पक्का आहे. पाण्यातून नेली की खुरांचे माग उरत नाहीत. आम्ही पोलीस असा विचार करतो, कारण आमची गाठ पडते ती असा विचार करणाऱ्यांशी.

त्याच आठवड्यात एक बाई ठाण्यात आली. कळंबच्या आतल्या बाजूला तिची केळीची वाडी होती. नवरा वारलेला, घरात ती आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून. चांगलीच तापलेली होती.

"मागच्या बावखलाकडून रोज सकाळी कुणीतरी मेला शीळ घालतोय. सून दात घासायला बाहेर आली की सुरू. आमच्या घरात पुरुष नाही म्हणून काय कुणीही यावं?"

वसईत वाडीला पाणी द्यायला पूर्वी जी तळी खणली, त्यांना बावखल म्हणतात. तिच्या घरामागचं बावखल अर्धं बुजलेलं, भोवती केवडा आणि झुडपं माजलेली. छेडछाडीचा प्रकार दिसतोय म्हणून तक्रार नोंदवून घेतली आणि बीट हवालदाराला सकाळी तिकडून फेरी मारायला सांगितलं. तो रस्त्याने मोटारसायकलवरून फेरी मारून आला आणि कुणी नाही म्हणून सांगितलं. मोटारसायकलचा आवाज ऐकून कोण थांबणार होतं?

शनिवारी म्हाताऱ्याला बोळिंजहून चौकशीला आणलं. बरोबर मुलगी आली, एका खाजगी कंपनीत नोकरी करणारी. "सर, पप्पा चोरी करणारच नाहीत. तुम्ही प्लीज त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना बीपीचा त्रास आहे," ती म्हणत राहिली. मी ओरडणार नव्हतो. बोलणाऱ्याला दरडावता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय करणार? म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी.

"घोडी कुठे आहे, बाबा?"

तो खाली बघत सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला.

"कुणाला विकली?"

तेवढ्यावर मात्र त्याने मान वर केली. "इकायला ती माझी न्हाई, सायेब."

"मग चोरली कशाला?"

"चोरी न्हाई केली म्या." आणि मग खुर्चीवरून उठून, "उद्या मोठी रेस हाय. तेवढी मला जाऊ द्या. परवा समदं सांगतो. पळून कुठं जाणार? लेकीच्या घरी ऱ्हातोय."

मला वाटलं, सापडला. रेसकोर्सवर याचं गिऱ्हाईक येणार. नोटीस देऊन म्हाताऱ्याला सोडलं आणि हवालदाराला म्हटलं, उद्या आपणही रेसला जायचं. साध्या वेशात.

साधा वेश हा शब्द तिथे फुकट गेला. मुलाच्या लग्नातला कोट घालून मी गेलो होतो, तरी तिथल्या वेटरांचे कपडे माझ्याहून चांगले होते. वसंतातल्या त्या मोठ्या शर्यतीला श्रीमंत मुंबई नटून येते. हिरवळ कापून गालिच्यासारखी केलेली, पांढरे तंबू, अत्तराचा वास, बायकांच्या डोक्यांवर पिसं लावलेल्या टोप्या. आमचा हवालदार कानाशी लागून म्हणाला, "साहेब, या बाईने कोंबडी का घेतलीय डोक्यावर?" त्या दिवसातलं माझं शेवटचं हसणं तेच.

म्हाताऱ्याला तबेल्यातले लोक ओळखत होते, त्याला आत सोडलं. तो शर्यतीकडे बघतसुद्धा नव्हता. शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात त्या जागी, मालक मंडळी ज्या वाटेने येतात तिथे तो कठड्याला धरून उभा राहिला. आम्ही त्याच्या मागे. मग उंच, पिकल्या केसांचे एक गृहस्थ आले, तसा तो पुढे झाला आणि वाकून नमस्कार केला.

"मालक. सोना लई आजारी हाय. पायानं उभी ऱ्हाईना. तुमी म्हनला व्हता, ती जितली त्या दिवशी, की हिला मरंस्तवर हिरव्या गवतावर ठेवीन. दर साली येतोय मी, पर गाठच पडत न्हाई."

त्या गृहस्थांनी त्याचा खांदा थोपटला. माणूस वाईट नसावा. हसून म्हणाले, "हां, हां. कौनसी घोडी, भाई?"

म्हाताऱ्याने तिचं रेसमधलं लांबलचक इंग्रजी नाव सांगायचा प्रयत्न केला. त्याला ते नीट म्हणता येईना. दोनदा अडखळला. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, आणि ते गृहस्थ गेले. म्हातारा हात जोडलेल्या अवस्थेतच उभा राहिला. गिऱ्हाईक वगैरे काही नव्हतं. चोर म्हणून मी ज्याचा पाठलाग करत आलो, तो घोडीसाठी दुसऱ्याच्या शब्दाची आठवण करून द्यायला आला होता. मला माझ्या कोटात उकडायला लागलं.

शर्यत झाली. जिंकलेल्या घोड्याचे फोटो निघाले आणि त्याला कुंपणामागच्या एका खोलीकडे नेलं. तिथून शीळ ऐकू यायला लागली. बारीक, लांब, एकाच सुरात. बराच वेळ. मी जवळच्या पहारेकऱ्याला विचारलं, हे काय चाललंय?

"लघवी घ्यायची असते ना तपासायला," तो म्हणाला. "घोड्याला लहानपणापासून सवय लावतात. मोतद्दाराने शीळ घातली की घोडा लघवी करतो. त्याशिवाय उभा राहील तासभर."

मी हवालदाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. केळीच्या वाडीमागची शीळ सुनेसाठी नव्हतीच.

म्हाताऱ्याजवळ जाऊन मी एवढंच म्हटलं, "चला बाबा. बावखलापाशी आहे ना ती?" तो तिथेच हिरवळीवर खाली बसला. मग गाडीत सगळं सांगितलं. सोनाचे खूर आतून सुजले होते. वाळूवर चालली की वेदना व्हायच्या, म्हणून तिला समुद्राच्या गार पाण्यातून नेलं होतं. माग लपवायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. बावखलातल्या चिखलात उभी केली की पायांना थंडावा मिळतो. पहाटे जाऊन तो तिला चारा घालायचा, पाय धुवायचा आणि बोळिंजला परत यायचा. मालकाची गाठ पडेपर्यंत तिला जगवायचं, एवढाच त्याचा बेत होता.

संध्याकाळी उजेड होता तोवर बावखलाशी पोचलो. घोट्यापर्यंत चिखलात ती पांढरी घोडी उभी होती. म्हाताऱ्याची चाहूल लागताच तिने कान टवकारले. वाडीवाल्या बाईला बोलावून दाखवलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, आणि मी मेला म्हटलं हो याला." सुनेने घरातून केळीचा घड आणला.

इथवर ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितलेली आहे, लोक हसतात. पुढची सांगत नाही.

कायद्याच्या लेखी घोडी हा मुद्देमाल होता. पंचनामा करून ती जमा केली आणि न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाच्या, म्हणजे फिर्यादीच्या ताब्यात दिली. पशुवैद्यकांनी तिला काम देऊ नये असं लिहून दिलं, फिर्यादीने तसं हमीपत्र दिलं आणि प्रामाणिकपणे पाळलं. म्हाताऱ्याला जामीन झाला, नेहमीच्या अटीवर: फिर्यादीच्या परिसरात पाऊल टाकायचं नाही. फिर्यादीला त्रास होऊ नये म्हणून ही अट असते. यात कुणाचं काहीच चुकलं नव्हतं.

काही दिवसांनी फिर्यादीच ठाण्यात आला. दाढी वाढलेली.

"साहेब, ती पायाला हात लावू देत नाय कोनाला. डाक्टरलापन लाथ मारली. खात नाय, पानी पीत नाय. त्या म्हाताऱ्याला येऊ द्या. मी केस मागं घेतो."

मी म्हटलं, केस आता तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. अट न्यायालयाने घातली आहे, न्यायालयच काढेल. त्याला वकिलाकडे पाठवलं, अर्ज करवला, सरकारी वकिलांना स्वतः जाऊन भेटलो. मध्ये होळीची सुट्टी आली, मग न्यायाधीश रजेवर. म्हातारा रोज मुलीला विचारायचा, कागद आला का? मुलगी मला फोन करायची. मी सांगायचो, उद्या.

अट शिथिल झाल्याचा आदेश हातात पडला, तेव्हा मी तडक बोळिंजला निघालो. वाटेतच फिर्यादीचा फोन आला. सोना गेली, एवढंच त्याने सांगितलं. गाडी परत वळवावी असं वाटलं, पण वळवली नाही.

म्हातारा टोपी घालून दारातच बसला होता. मी सांगितलं. मुलगी रडायला लागली, तर तिलाच म्हणाला, "उगी." आणि मला म्हणाला, "आता तरी जाता येतंय नव्हं?"

कळंबला सुरूच्या बनात फिर्यादीने खड्डा खणून ठेवला होता, पण म्हाताऱ्यासाठी थांबला होता. आजूबाजूला चार माणसं जमली होती. त्यातल्या एकाने विचारलं, नाल मिळेल का दाराला लावायला, शुभ असतो. फिर्यादी त्याच्या अंगावर धावून गेला.

म्हातारा मात्र शांतपणे घोडीजवळ बसला. फिर्यादीकडे त्याने पकड मागितली. तिचा एक एक पाय मांडीवर घेऊन, खिळे सोडवून, चारही नाल काढले. जिवंतपणी जसे काढले असते तसे, दुखू नये म्हणून हळू. फिर्यादी त्याच्या शेजारी बसून पाय धरत होता आणि हुंदके देत होता.

मी विचारलं, "बाबा, आता कशाला काढता?"

"घोडं गवतावर सोडताना नाल काढत्यात, सायेब," तो म्हणाला. "काम संपलं म्हंजे."

मग त्याने तिच्या अंगावरून हात फिरवला आणि माती लोटायला सांगितलं.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं व्याख्यानांत पोरं विचारतात, तेव्हा मी शिळेचा भाग सांगतो: तक्रार लहान म्हणून बाजूला सारू नका, दोन कागद शेजारी ठेवून बघा. ते खरंच आहे. पण स्वतःशी मला दुसरंच वाटतं. मालक कोण, हे आम्हाला शोधता येतं, सिद्ध करता येतं, त्यावर शिक्काही मारता येतो. सोनाला रेसकोर्सवरचा मालक होता, कळंबचा मालक होता, दोघांचीही कागदपत्रं बरोबर होती. ती ज्याच्यामुळे जगत होती, त्याला आमच्या सगळ्या दप्तरात एकच जागा मिळाली, आरोपीची. आणि तीही आम्ही नियमाप्रमाणेच भरली.