शेवटच्या पानांची पिन

शाहूपुरीत जुनी पुस्तकं विकणारे ते गृहस्थ रहस्यकथेची शेवटची पानं स्टेपलरनं बंद करूनच गिऱ्हाइकाला देत. त्यांच्या या सवयीचा मला राग यायचा. त्या दिवशी मी पुतणीसाठी एक कादंबरी घेतली. कॉलेजची पोरं बेटावर अडकतात, त्यांतली एक मुलगी बेपत्ता होते आणि मग तिचं प्रेत सापडतं.

"खुनी कोण, तेवढं सांगा की," मी त्यांना डिवचलं.

"पोरगी हुडकायला जो सगळ्यात पुढं पळतोय, त्यो."

"सगळ्याच पुस्तकांत?"

"पुस्तकाचं ऱ्हाऊ द्या, पावणं. आमची पोरगी गायब झाली, तवा उसात हुडकायला सगळ्यात पुढं त्योच हुता. दमला म्हणून मीच त्येला च्या पाजला."

पिन नीट बसली का, ते त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं.